पाजणाऱ्या बाईची खुर्ची

गेल्या महिन्यात मुलीनं बेंगळुरूहून मोबाइलवर सहा खुर्च्यांचे फोटो पाठवले. तिला सातवा महिना लागलाय. फोटोंखाली एकच ओळ होती, "आई, अंगावर पाजायला यातली कुठली घेऊ?" सगळ्या डोलणाऱ्या खुर्च्या. दोन लाकडी, एक वेताची आणि तीन अशा गुबगुबीत की विमानातल्या महागड्या वर्गाची आठवण व्हावी. किमती लिहीत नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगारात त्यांतली एकही आली नसती.

मी लगेच उत्तर दिलं नाही. बडोद्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत एक डोलखुर्ची आहे आणि तिला मी त्याच खुर्चीत बसून पाजलं होतं. पण ती खुर्ची चांगली होती म्हणून नव्हे. चांगली करून घ्यावी लागली होती. शिवाय सत्तावीस वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. वस्तू कुणासाठी झाली आणि पुढे कुणाच्या ताब्यात गेली, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुलीचा साधा प्रश्न तीन आठवडे तसाच राहिला तो या खोडीमुळे.

डोलखुर्ची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वयस्कर पुरुष येतो. पेन्शनीत निघालेले गृहस्थ, नाकावर चष्मा, हातात वर्तमानपत्र. ज्या देशात ही खुर्ची वाढली त्या अमेरिकेतही तिची प्रसिद्ध नावं पुरुषांचीच. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली तेव्हा तो डोलखुर्चीत बसून नाटक बघत होता. ती खुर्ची आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. जॉन केनेडीला पाठीच्या दुखण्यावर डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डोलखुर्ची सुचवली, ती तो व्हाइट हाउसमध्ये घेऊन गेला आणि तसल्या खुर्च्यांना एकदम मागणी आली. आणि ही खुर्ची मुळात शोधली कुणी, असं विचारलं तर कितीतरी लोक अजून बेंजामिन फ्रँकलिनचं नाव सांगतात.

फ्रँकलिनकडे डोलखुर्ची होती, हे खरं आहे. १७८७ च्या जुलैमध्ये मनासे कटलर हा पाहुणा फिलाडेल्फियात त्याला भेटायला गेला. त्यानं आपल्या रोजनिशीत त्या खुर्चीचं वर्णन केलं आहे. मोठी हातांची खुर्ची, पायांखाली कमानी आणि डोक्यावर पंखा. पाय जरासा हलवला की पंखा हलायचा, माश्या उडायच्या आणि म्हातारबुवा वाचत बसायचे. आपल्याकडच्या साहेबाला पंखा ओढायला माणूस लागायचा, फ्रँकलिननं तो खर्च वाचवला! पण शोध त्याचा नव्हे. त्याच्याच गावातल्या एका कारागिराच्या हिशेबवहीत ही खुर्ची त्याच्या कितीतरी आधी येऊन गेली आहे.

सोलोमन फसेल हा फिलाडेल्फियाचा खुर्च्या करणारा. त्याच्या वहीतली १७४२ च्या सुमाराची एक नोंद अभ्यासकांनी पुढे आणली आहे. अमेरिकेतल्या डोलखुर्चीच्या अगदी सुरुवातीच्या लेखी उल्लेखांपैकी ती एक. तिथे शब्द आहेत 'नर्स चेअर विथ रॉकर्स'. नर्स म्हटलं की आपल्याला पांढऱ्या कपड्यातली परिचारिका आठवते, पण हा इंग्रजी शब्द मुळात पोसण्याचा आहे. नर्स म्हणजे आधी पाजणारी, बाळ सांभाळणारी. नर्स चेअर म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन बसायची ठेंगणी खुर्ची, आणि तिच्या पायांखाली पाळण्यासारख्या कमानी. ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून पुढच्या खोलीत जाऊन आमची खुर्ची बघून आले होते.

फसेलचा शिकाऊ कारागीर विल्यम सॅव्हरी पुढे स्वतः नावाजला. त्याचं १७७४ चं एक बिल उरलं आहे, डोलखुर्चीची बैठक विणून दिल्याचं. म्हणजे तोवर ती खुर्ची वापरून बैठक झिजली होती. त्या भागात बैठकी लव्हाळ्याच्या असत, आपल्या सुंभाच्या बाजेसारख्या. मधोमध खोलगट व्हायच्या आणि पुन्हा विणाव्या लागायच्या. कुणाच्या बसण्यानं ती झिजली हे बिलात नाही.

कमानी काही नवीन नव्हत्या. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या हर्क्युलेनियम गावात लाकडाचा जळून कोळसा झालेला एक पाळणा सापडला, त्याच्या खालीही कमानी आहेत. बाळ डोलवायचं तर बाळाची पेटी डोलवायची, हे सतरा-अठरा शतकं चालत आलेलं होतं. बाळासकट बाईच डोलली तर, हा विचार मात्र कुणाला तरी नव्यानं सुचला. कुणाला, ते कळणं कठीण. जुन्या खुर्च्या बघितल्या तर पुष्कळांना कमानी मागाहून ठोकलेल्या दिसतात. घरातलीच खुर्ची उचलायची, पायांना खाली खाचा पाडायच्या आणि पाळण्याची तऱ्हा तिला लावायची. त्यातल्या काही कमानी इतक्या पातळ असत की त्यांना गालिचे कापणाऱ्या म्हणत. पुढे मागच्या बाजूनं कमान लांब करायची अक्कल आली. त्याआधी मागे कलंडायची भीती असे. हा सगळा घरगुती खटाटोप आहे, आणि घरगुती खटाटोपाचं पेटंट कुणी घेत नाही.

पण नोंदीतला दुसरा शब्द मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नर्स चेअर ठेंगणी असे. पुढे व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये 'नर्सिंग चेअर' म्हणून जी खुर्ची घरोघर आली तिची बैठक जमिनीपासून तेरा ते पंधरा इंचांवर. नेहमीची खुर्ची सतरा-अठरा इंच. हे तीन-चार इंच कशासाठी?

याचं उत्तर मराठीत दडलेलं आहे असं मला वाटतं. आपण 'मांडी' म्हणतो तेव्हा तो शरीराचा भागही असतो आणि बसण्याची रीतही. मांडी घालून बसलं की गुडघे दोन बाजूंना टेकतात, मध्ये खळगा होतो, त्या खळग्यात बाळ मावतं आणि त्याच्या डोक्याखालचा आपला हात आपल्याच गुडघ्यावर विसावतो. पाठ भिंतीला. उशी लागत नाही की काही नाही. उंच खुर्चीत बसा, मांडी नाहीशी होते. पाय लोंबतात, मांड्या पुढे उतरत्या होतात, बाळ घसरायला लागतं आणि त्याला धरून ठेवण्यात खांदे कानांपर्यंत चढतात. बैठक खाली आणली की गुडघे वर येतात आणि हरवलेली मांडी पुन्हा मिळते. ठेंगणी खुर्ची म्हणजे थंडगार फरशीच्या देशात जमिनीवर बसण्याची केलेली सोय.

जमीन काही आपलीच मक्तेदारी नव्हती. चौदाव्या शतकातल्या इटलीत मेरीची चित्रं काढायची एक नवी पद्धत आली. तिच्यात ती सिंहासनावर नाही, जमिनीवर किंवा जमिनीवरच्या गादीवर बसून बाळाला पाजते आहे. 'विनम्रतेची मॅडोना' असं त्या प्रकाराला नाव आहे. नम्रता असेलही. मला तर वाटतं त्या चित्रकारांनी आपल्या घरातल्या बायकांना बघितलं होतं. आपल्याकडे चोळांच्या काळातल्या कांस्यमूर्तींमध्ये यशोदा कृष्णाला पाजताना दिसते, तिलाही खुर्ची नाही.

आणि आपल्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध पाजणाऱ्या बाईला कसलंच आसन दिलेलं नाही. कापूरहोळची धाराऊ गाडे. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, सईबाई आजारी पडल्या, राजांना पाजायला धाराऊला आणलं. प्रत्येक मराठी मूल शाळेत हे वाचतं. मी वर्गात शिकवताना एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, तिच्या स्वतःच्या बाळाचं काय?" वर्ग हसला. तिला मुलगे होते आणि ते पुढे राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले, एवढं मी सांगितलं आणि पुढच्या धड्यावर गेले. तो प्रश्न त्याहून मोठा होता, हे मला उशिरा कळलं.

कारण पाजण्यासाठीच्या आसनाचा इतिहास लिहायला गेलं की तिच्यावर आई बसली होती की दुसरं कुणी, हे विचारावंच लागतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक डोलतं बाक निघालं. एका बाजूला बाई बसायची जागा, दुसऱ्या बाजूला काढता-घालता येणारा कठडा, त्याच्या आड बाळ झोपायचं. बाई डोलता डोलता शिवणटिपण करायची. आपल्या आज्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तांदूळ निवडायच्या, त्यातलाच हा प्रकार. त्या बाकाला पुढे 'मॅमी बेंच' म्हणू लागले. मॅमी हा शब्द दक्षिणेत गोऱ्यांची मुलं वाढवणाऱ्या काळ्या बाईसाठी होता. तिकडच्या मळ्यांवर गुलाम बायकांकडून मालकांची बाळं पाजून घेतली जात. त्यांची स्वतःची बाळं झोपडीत एखाद्या म्हातारीकडे. आपल्या देशातल्या इंग्रज घरांमध्येही दूध पाजायला इथल्याच दाया ठेवत. कुणी कुठे बसून पाजायचं हे अर्थातच पगार देणारा किंवा मालक ठरवणार. त्यामुळे जुन्या खुर्चीचं छायाचित्र बघून मी आता आधी हळवी होत नाही.

डोलखुर्चीच्या इतिहासातली सर्वांत मजेची गोष्ट शेकर पंथाची. न्यूयॉर्क राज्यात माउंट लेबनन इथे त्यांची मोठी वसाहत होती. स्त्री-पुरुष समान, मालमत्ता सामायिक आणि ब्रह्मचर्य सक्तीचं. या मंडळींनी आपल्या वृद्धांसाठी डोलखुर्च्या करायला सुरुवात केली आणि १८७० च्या दशकात रॉबर्ट वॅगन यांच्या देखरेखीखाली त्यांचा खासा धंदा उभा राहिला. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या. ज्यांच्यात मूल जन्मणं शक्यच नव्हतं, त्यांनी पाजणाऱ्या बाईला सर्वांत सोयीच्या खुर्च्या करून दिल्या! हलक्या, एका हातानं उचलता येणाऱ्या, बैठक पट्ट्यांनी विणलेली. आणि मापांना क्रमांक: शून्य सर्वांत लहान, सात सर्वांत मोठी. हात असलेल्याही आणि बिनहातांच्याही. शिवणाऱ्या बाईची कोपरं अडकू नयेत म्हणून बिनहातांची. पाजणाऱ्या बाईच्याही ती कामाची. माणसाच्या मापानं खुर्ची, ही गोष्ट आजच्या सहा फोटोंमध्ये एकाही ठिकाणी नव्हती. रंग मात्र निवडता येत होते.

शेकरांचा धंदा भरात असतानाच तिकडे डोलण्याविरुद्ध वारं सुटलं. ल्यूथर एमेट होल्ट या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञाचं बालसंगोपनाचं छोटं पुस्तक १८९४ मध्ये आलं, प्रश्नोत्तरांच्या रूपात. ते दाया तयार करण्यासाठी लिहिलेलं, पण दोन पिढ्यांच्या आयांनी पोथीसारखं वापरलं. त्यात बाळाला डोलवणं अनावश्यक आणि एकदा लागली की सुटायला कठीण अशी सवय ठरवलं होतं. पाजायचं ते घड्याळाकडे बघून. १९२८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसननं तर मुलांना मिठीत घेऊ नका, पापे घेऊ नका असंच लिहिलं. इकडे डब्यातल्या दुधाचे कारखाने वाढत होते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जेमतेम पाव बायका बाळाला अंगावर पाजायला सुरुवात तरी करत होत्या. डोलखुर्ची मुलांच्या खोलीतून व्हरांड्यात गेली आणि तिथे पुरुष बसले.

होल्टला उत्तर मिळायला फार वर्षं लागली. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आतलं बाळ आईनं घेऊन नुसतं बसल्यापेक्षा ती उचलून चालायला लागली की लवकर शांत होतं, त्याच्या हृदयाचे ठोकेही मंदावतात. कुठल्याही आजीला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण आजीचं मत कोण पुस्तकात घालतो?

आता आमच्या खुर्चीकडे येते.

माझी मुलगी १९९३ च्या डिसेंबरात झाली. पोट फाडून. टाके असल्यामुळे मला जमिनीवर बसता येईना, बसलं तर उठता येईना. माझी आई बाळंतपणासाठी बडोद्याला आली होती. तिचं एकच म्हणणं, "अगं, खाली बस, भिंतीला टेक, मांडी घाल. उगाच नाही आम्ही बसायचो." तिचं बरोबर होतं, पण माझं पोट ऐकत नव्हतं. पलंगावर बसले की पाठीला आधार नाही. बाळाकडे वाकून वाकून मानेत गाठी आल्या, स्तनाग्रांना चिरा पडल्या. बाळ जन्मतः दोन किलो नऊशे होतं, दहाव्या दिवशी दोन किलो सहाशे. डॉक्टरांनी मान हलवली आणि पावडरचा एक डबा हातात ठेवला. फुकट. अशा फुकट वाटपाला बंदी करणारा कायदा १९९२ मध्येच संमत झाला होता, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

घरात एक डोलखुर्ची होती. आजेसासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. साधी सागवानी, पाय कातलेले, बैठक वेताची. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तिच्यात कुणी बसत नसे. बायका तर ते असतानाही बसल्या नव्हत्या. तसा कुणी नियम केला नव्हता. नुसतं तसं होतं. चौदाव्या रात्री सगळे झोपल्यावर मी बाळाला घेऊन तिच्यात जाऊन बसले. पाठ टेकली. पहिल्यांदाच पाठ टेकली, आणि मला रडू आलं.

खुर्ची अण्णांच्या मापाची होती आणि अण्णा सहा फूट उंच. मी मागे टेकले की माझे पाय जमिनीवरून उचलले जायचे. बैठक इतकी खोल की टेकायचं तर पाय लोंबणार आणि पाय टेकवायचे तर पाठ सुटणार. हात उंच, त्यामुळे खांदे वर. तरी तीन रात्री मी तिथेच बसले, कारण दुसरीकडे कुठेच ते सुख नव्हतं. तिसऱ्या रात्री मला झोप लागली.

सासूबाई सांगायच्या, खुर्चीची करकर थांबली म्हणून त्यांना जाग आली. त्या पुढच्या खोलीत आल्या तेव्हा बाळ माझ्या हातातून घसरून माझी कंबर आणि खुर्चीचा हात यांच्या मध्ये गेलं होतं, तोंड माझ्या साडीत. त्यांनी काही न बोलता तिला वर काढलं. ती रडली. ते रडणं ऐकून मी जागी झाले. आजही डॉक्टर हेच सांगतात की झोप येत असेल तर बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका, ती जागा बिछान्यापेक्षाही धोक्याची. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्रीनंतर सांगायची गरज राहिली नाही.

मला वाटलं आता खुर्ची बंद. सकाळी सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सुताराला बोलाव." सुतार मूळचा संखेड्याचा. बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव लाखकामाच्या रंगीत लाकडी सामानासाठी, झोपाळे आणि पाळण्यांसाठी ओळखलं जातं. त्यानं मला खुर्चीत बसवलं, स्वतः उकिडवा बसून माझ्या टाचा आणि जमीन यांच्यामधलं अंतर बोटांनी मोजलं आणि म्हणाला, "बेन, पग जमीनने अडवा जोईए." पाय जमिनीला लागले पाहिजेत. फसेलला जे माहीत होतं ते याला माहीत होतं.

त्यानं कमानी काढल्या, चारही पाय चार-चार इंच कापले, कमानी परत बसवल्या. बैठकीवर इंचभर जाडीची घट्ट गादी घातली. तेवढी मी वर आले आणि हात तेवढे खाली. पाठीमागे लोड, म्हणजे बैठकीची खोली कमी झाली. सगळं काम एका दुपारचं. संध्याकाळी नवऱ्याचे काका आले आणि दारातच थबकले. "अण्णांची खुर्ची कापली?"

"अण्णांना आता पाय टेकवायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या रात्री त्या माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मी तिघांना चुलीमागे बसून पाजलं. धूर असायचा, डोळे चुरचुरायचे, पण तिथे पुरुष येत नसत." एवढंच. चूल, माजघर, बाळंतिणीची अंधारी खोली: घरातली पाजायची जागा बाईची पाठ बघून नव्हे, पुरुषांची ये-जा बघून ठरत होती, हे मला कुठल्या ग्रंथात आधी सापडलं नव्हतं. आमची खुर्ची पुढच्या खोलीतच राहिली. पाजायची वेळ झाली की सासूबाई मधलं दार लोटून घ्यायच्या आणि पुरुष मागच्या अंगणात बसायचे. काकासुद्धा.

खुर्चीमुळे वजन वाढलं असं मी म्हणणार नाही. टाके काढायला गेले तेव्हा एका परिचारिकेनं मला पाच मिनिटांत शिकवलं, ते तितकंच कामाला आलं. "बाळाकडे तू वाकायचं नाही, बाळाला तुझ्याकडे आणायचं. त्याचं पोट तुझ्या पोटाला." ते करायला पाठ टेकलेली आणि पाय रोवलेले असावे लागतात, आणि ते आता होते. सहाव्या आठवड्यात बाळ तीन किलो आठशे झालं. डबा तसाच राहिला. त्यात सासूबाईंनी पुढे मोहरी भरली.

हे सगळं मुलीला लिहायचं म्हणजे फोनवर केवढा मजकूर झाला असता. शेवटी थोडक्यात लिहिलं. आधी टेप घे आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत माप. बैठक त्याहून इंच-दीड इंच खालीच असू दे. हात कोपराला टेकतील एवढेच उंच, आणि दोन हातांमध्ये बाळाचं डोकं आपटणार नाही एवढी जागा. पाठ डोक्यापर्यंत. पाय ठेवायला साधा पाट चालेल, डोलणारा नको. बाळानं नीट तोंडात धरेपर्यंत खुर्ची हलवायची नाही, धरलं की हळूच. उठताना आधी पुढे सरक, दोन्ही पाय रोव, मग ऊठ. नाहीतर खुर्ची मागून ढकलते. टाके असतील तर बाळ आधी दुसऱ्याकडे दे. घरात रांगतं मूल आलं तर कमानींखाली बोटं जातात, हे लक्षात ठेव. आणि रात्री डोळे मिटायला लागले तर तिथे बसू नकोस. कुणाला तरी उठव. जावयांना उठव.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिचा गुडघा साडेसोळा इंच भरला आणि सहाही खुर्च्या अठराच्या वर. दोनदा तर दुकानदारालाच बैठकीची उंची माहीत नव्हती. "आपली किती आहे गं?" तिनं विचारलं. मी टेप आणून मोजली. गादीसकट पंधरा.

कापलेले चार तुकडे सासूबाईंनी फेकले नव्हते. मुलगी वर्षभराची झाल्यावर ते एकावर एक रचून खेळायची. आता ते कुठल्याशा डब्यात आहेत. वाहतूकवाल्याला विचारलं, तो म्हणाला कमानी काढून वेगळ्या बांधल्या तरच नेईन, नाहीतर वाटेत तुटतात. त्या जुन्या सुताराचा मुलगा रविवारी येतो म्हणालाय.